गाठ नाही, पण छाती लाल आहे : रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस



आपल्या रेडिओवर छातीच्या कॅन्सरबद्दल आम्ही याआधी बोललो, तेव्हा सगळा भर गाठीवर होता. अंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा, हरभऱ्याएवढी, वाटाण्याएवढी गाठ लागतेय का बघा, दुखत नसली तरी दाखवा. ते बोलणं बरोबरच होतं. पण त्यानंतर एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "गाठ काही लागत नाही. पण एक बाजू लाल होऊन सुजलीय. मग ते त्यात बसत नाही ना?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. बसू शकतं. नेहमी नाही, बहुतेक वेळा नाही, पण बसू शकतं.

छातीच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की तो गाठीच्या रूपात येत नाही, सुजेच्या रूपात येतो. डॉक्टर त्याला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात. मराठीत दाहक स्तनकर्करोग. छातीचे शंभर कॅन्सर धरले तर त्यातले एक ते पाच या जातीचे असतात, म्हणजे आजार दुर्मीळच. मग त्यावर एवढं का बोलायचं? कारण तो घाई करतो, आणि आपण त्याला उष्णता, गळू, नजर, दूध साचणं असं काहीतरी समजून थांबून राहतो.

प्रश्न विचारणारी ती ताई ४२ वर्षांची. धाकटं लेकरू ११ वर्षांचं, म्हणजे अंगावर पाजणं केव्हाच संपलेलं. तिला आधी उजवी बाजू जड वाटायला लागली. ब्लाउज त्या बाजूला ओढून बसायला लागला. तिला वाटलं, खुरपणीचा ताण असेल. आठ दिवसांत कातडी तांबूस झाली, हात लावला तर गरम. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. थोडं उतरल्यासारखं झालं, परत तेच. मग दुसऱ्या गोळ्या. मग मलम. जाऊबाई म्हणाल्या उष्णता आहे, सब्जा घे. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सात आठवडे गेले. शेवटी आशाताईंनी तिला सोबत घेऊन मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तुकडा काढला आणि "दहा दिवसांनी या" म्हणून सांगितलं. हे बोलणं आम्ही रेकॉर्ड केलं, तो त्या दहांपैकी चौथा दिवस होता. ताई आम्हाला म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, पण सांगा सगळं. आणि हे दहा दिवस कसे काढायचे तेही सांगा. ते कुणी सांगत नाही."

तर आधी आजार समजून घेऊ, मग त्या दिवसांकडे येऊ.

काय दिसतं, आणि का दिसतं

साध्या गाठीचा कॅन्सर पुष्कळदा महिनोन् महिने मुकाट वाढतो. हा तसा नाही. हा दिवसांत आणि आठवड्यांत दिसायला लागतो. एकच बाजू सुजते, मोठी दिसते, जड होते. कातडी गरम लागते. छातीचा बराच भाग, निदान एक तृतीयांश तरी, रंग बदलतो. खाज सुटते, ठणका लागतो, कधी काहीच दुखत नाही. बोंड आत ओढलं जातं किंवा चपटं होतं. काखेत अवधाण आल्यासारखी गाठ लागते, कधी गळ्याच्या हाडाजवळही. आणि कातडीवर बारीक बारीक खड्डे दिसतात, मोसंबीच्या सालीसारखे.

रंगाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुस्तकातल्या चित्रात छाती लालभडक दाखवलेली असते, कारण चित्र गोऱ्या बाईचं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली तांबूस, जांभळट किंवा नुसती जास्त काळसर दिसते, मुका मार लागल्यासारखी. "लाल तर नाही" म्हणून सोडून देऊ नका. उजेडात आरशासमोर उभं राहा, हात आधी खाली सोडा, मग वर करा, आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघा. रंग कळला नाही तरी फरक कळतो. हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्हीकडे स्पर्श केला तर उष्णतेचा फरकही कळतो. लेकराचा ताप आपण असाच तर बघतो.

आता हे खड्डे का पडतात ते ऐका. एकदा ते समजलं की बाकीचंही समजतं. कातडीखाली रक्ताच्या नसांखेरीज आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. अंगातलं जादा पाणी त्यातून वाहून जातं. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. शेताच्या कडेचा चर समजा. चर गाळानं बुजला की पाणी वावरात तुंबतं. या आजारात कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या त्या नळ्यांत शिरून त्या बुजवून टाकतात. पाणी तुंबतं, कातडी फुगते. पण केसांची मुळं जिथं रोवलेली असतात, तिथं तिला फुगता येत नाही. गादीला टाका घातलेला असतो तिथं खोलगट राहतं आणि मधला कापूस वर येतो, अगदी तसंच.

गाठ का लागत नाही, तेही यातूनच कळतं. पेशी एका जागी गोळा होऊन बसलेल्या नसतात, जाळ्यात पसरलेल्या असतात. कुणाकुणाला गाठ लागतेही, पण लागलीच पाहिजे असं नाही. आणि गोळ्यांनी का जात नाही? नाव दाहाचं असलं तरी हे दुखणं जंतूंमुळे झालेलं नसतं. जंतू मारणारी गोळी तिथं काय करणार?

बहुतेक वेळा दुसरंच काही असतं

घाबरवायला आम्ही बसलेलो नाही. छाती लाल होऊन सुजण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी पूर्ण बरी होतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साचून होणारी सूज तर घरोघरी माहीत आहे. थंडी वाजून ताप येतो, एका जागी दगडासारखं लागतं, कधी पू होतो. साखरेचा आजार असणाऱ्या बाईच्या कातडीत जंतू पटकन शिरतात. आपल्याकडे छातीचा टीबीही होतो. बाळंतपणानंतर काही वर्षांनी होणारी एक वेगळीच सूज असते, ती कॅन्सर नसते पण महिनोन् महिने चिघळत राहते. नुसतं बघून, नुसता हात लावून यातलं कुठलं ते मोठ्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. तुकडा तपासावा लागतो.

म्हणून एक हिशोब डोक्यात ठेवा. जंतूंची सूज असेल तर योग्य गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. सात ते दहा दिवसांचा एक कोर्स पूर्ण झाला आणि लाली, सूज, गरमपणा पूर्ण गेला नाही, तर गोळ्या बदलून आणखी थांबायचं नाही. सोनोग्राफी आणि तुकडा तपासणी मागायची. "थोडं बरं आहे" ह्यावर समाधान मानायचं नाही. आणि जी बाई पाजत नाही, ताप नाही, पू नाही, पाळी गेलेली आहे किंवा जायला आलेली आहे, तिनं दहा दिवसही कशाला थांबायचं? पहिल्याच भेटीत सोनोग्राफीबद्दल विचारावं.

डॉक्टरांना कसं विचारायचं याची भीती वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. "तू डॉक्टर का मी?" असं ऐकलेलंही असतं. पण हा आजारच इतका कमी आहे की गावच्या डॉक्टरांसमोर तो क्वचित येतो. त्यांना आठवण करून देण्यात त्यांचा अपमान नाही. एवढंच म्हणा : "डॉक्टरसाहेब, गोळ्या पूर्ण घेतल्या, सूज गेली नाही. इन्फ्लमेटरी तर नसेल ना? तुकडा तपासायची चिठ्ठी द्या." हे वाक्य कागदावर लिहून न्या. तोंडातून निघत नसेल तर कागदच पुढे करा. गळू समजून चीर द्यायचं ठरलं, तर तेव्हाच सांगा की आतला तुकडा तपासायला पाठवा, नुसता पू काढून सोडू नका.

म्हशीला दगडी झाली, कास गरम लागली, तर संध्याकाळच्या आत आपण जनावराच्या डॉक्टरांना फोन लावतो. दूध डेअरीला घालायचं असतं ना! स्वतःची छाती दोन महिने सुजून राहिली तरी "सोयाबीन निघू दे, मग बघू." हा हिशोब आम्हाला कधीच पटलेला नाही.

तुकड्यापर्यंतची वाट

गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातल्या ताई ही पहिली पायरी. ३० वर्षांवरच्या सगळ्या बायांची छाती, तोंड आणि गर्भाशयाचं तोंड तपासणं हे सरकारी कार्यक्रमात आहेच, त्यामुळे त्यांच्याकडे छातीबद्दल बोलायला संकोच नको. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि मग जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. या प्रकरणात मधल्या पायऱ्या जितक्या कमी तितकं बरं. चिठ्ठी सरळ जिल्ह्याची मागा. तपासताना पुरुष डॉक्टर असले तर सिस्टरबाईंना थांबायला सांगा, किंवा सोबतच्या बाईला आत घ्या. हे मागण्यात चुकीचं काही नाही.

तिथं काय काय होतं? छातीची आणि काखेची सोनोग्राफी. मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे; त्यात छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, सुजलेल्या बाजूला दुखतं, पण काही क्षणांचं काम असतं. एक सावधगिरी इथं घ्या. या आजारात गाठ नसल्यामुळे मॅमोग्राफीत कधी कधी ठळक असं काही दिसत नाही. "फोटोत काही नाही" म्हणून घरी यायचं नाही. सूज आहे तोवर प्रश्न संपलेला नाही.

मग तुकडा. त्याला बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून जाड सुईनं आतले तांदळाच्या दाण्यासारखे लांबट तुकडे काढतात. कधी कातडीचाही मुगाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. टाका पडला तर एखाद-दुसरा. त्याच दिवशी घरी येता येतं. बारीक सुईनं पाणी ओढून केलेली तपासणी वेगळी, तिच्यात नुसत्या सुट्या पेशी येतात. पुढचा उपचार ठरवायला ती पुरत नाही. म्हणून जाड सुईची तपासणी होणार आहे ना, हे विचारा. आणि "सुई लावली की कॅन्सर उठतो, पसरतो" हे जे पारावर बोललं जातं, ते खरं नाही. सुई न लावता गेलेला वेळ मात्र खरोखर नुकसान करतो.

तुकडा ज्या बरणीत घालतात तिच्यावर आपलं पूर्ण नाव, वय आणि डावी की उजवी बाजू लिहिली आहे का, हे सोबतच्या माणसानं डोळ्यांनी बघावं. बरणी दुसऱ्या लॅबमध्ये आपल्यालाच पोचवायला सांगितली तर त्याच दिवशी पोचवा, पावती घ्या, रिपोर्टची तारीख आणि लॅबचा फोन त्या पावतीवर लिहून घ्या. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर आणखी तपासण्या होतात, ईआर, पीआर आणि हर-टू नावाच्या. त्याला आणखी काही दिवस लागतात. हे आधीच माहीत असलं म्हणजे "अजून का नाही आला, नक्की काहीतरी वाईट असणार" असं मन खात बसत नाही. रिपोर्टला उशीर लागणं याचा अर्थ रिपोर्ट वाईट असा नसतो.

पैशाचं थोडक्यात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पुढे कॅन्सरचा उपचार लागलाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत सोय आहे; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना भेटायचं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का, एवढं मात्र या मधल्या दिवसांतच बघून ठेवा. माहेरचं नाव एकावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात बायांचे आठवडे जातात.

आता ते दहा दिवस

पहिली गोष्ट, हे रिकामे दिवस नाहीत. गटाचं रजिस्टर आपण जसं ठेवतो तसं छातीचं ठेवायचं. कधी सुरू झालं, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या (रिकामी पाकिटं पिशवीत जपून ठेवा), आज कसं आहे. लालीची कड जिथं संपते तिथं बॉलपेननं बारीक रेघ मारा आणि दोन दिवसांनी बघा, लाली रेघेच्या बाहेर गेली का? फोटो काढला तर उत्तमच, पण फोन घरात चौघांच्या हातात फिरत असेल तर रेघच बरी. लाली झपाट्यानं रेघ ओलांडायला लागली, ताप भरला, कातडी फुटली, हात सुजला किंवा दम लागायला लागला, तर दहाव्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काय करायचं नाही तेही ऐका. गरम वीट, तापवलेलं पोतेरं, डाग देणं, चुना-हळदीचा लेप, रगडून मालिश, दाबून पू काढणं, यातलं काहीही नको. चुन्यानं कातडी भाजते आणि मग खरी लाली कुठली नि भाजल्याची कुठली, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं. "एका इंजेक्शनात सूज उतरवतो" म्हणणारे असतात. ती सूज चार दिवस उतरते, आजार तिथंच राहतो, आणि आपण निर्धास्त होतो. दुखण्यावर गोळी हवी तर तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून घ्या. बीपीची, साखरेची नेहमीची गोळी बंद करू नका. सैल, सुती ब्लाउज घाला. त्या बाजूच्या खांद्यावर हंडा, भारा नको.

जिचं बाळ अंगावर आहे तिला जास्त प्रश्न पडतात. दुधातून बाळाला कॅन्सर होत नाही. साध्या दुधाच्या सुजेत पाजणं थांबवायचं नसतं, उलट दूध मोकळं होणंच बरं असतं. पाजत असतानाही सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी करता येते, "बाळ सुटल्यावर बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, नवऱ्याजवळ झोपल्यानं कुणाला होत नाही. अजून रिपोर्टही आलेला नसताना जिची ताट-वाटी वेगळी केली अशी एक मावशी आम्हाला माहीत आहे. तिचा रिपोर्ट पुढे टीबीचा आला, औषधांनी ती बरीही झाली. ताट-वाटीची गोष्ट ती अजून सांगते.

दिवस कामात निघून जातो हो, रात्र निघत नाही. आमची ताई म्हणाली, "अंधारात हात आपोआप तिथंच जातो. दर वेळी वाटतं, वाढलंय." यावर आमच्याकडे जादू नाही. पण तिला उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, दिवसातून एकदाच बघायचं, सकाळी, उजेडात, वहीत लिहायचं आणि मग ब्लाउजचं बटण लावून टाकायचं. रात्री हात गेला तर स्वतःलाच सांगायचं, उद्या सकाळी बघू. दुसरी, मोबाइलवर या आजाराचे व्हिडिओ बघायचे नाहीत. तिथले आकडे पुष्कळदा जुने असतात, दुसऱ्या बायांचे असतात, आणि रात्री दोन वाजता तर आकडा नेहमी आपल्यालाच लागू वाटतो.

"काही होणार नाही गं, देवावर सोड" असं तिला म्हणू नका. ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि तिलाही कळतं की ठाऊक नाही. "मी मंगळवारी तुझ्यासोबत येते" हे म्हणा. ते खरं असतं.

सांगायचं कुणाला? सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. घरातलं एक माणूस आणि घराबाहेरची एक बाई, एवढं पुरे. नवऱ्याला सांगावंच असं आमचं मत आहे, कारण पुढे पैसा, मुलं, प्रवास सगळं त्याच्याशी जोडलेलं असतं. पण ज्या घरात सांगितल्यावर मारहाण किंवा हाकलणं होईल, तिथं आधी माहेरच्या माणसाला किंवा आशाताईला सांगून मग बोलावं. "पोरीचं लग्न जमणार नाही" ही धास्ती आम्ही फार ऐकतो. एका आईचा आजार म्हणजे लेकीला तो होणारच असं नसतं, आणि आईनं आजार लपवून अंगावर काढला तर लेकीचं त्यात काही भलं होत नाही.

गटानं काय करायचं ते सोपं आहे. दहाव्या दिवसासाठी सोबतीण ठरवा. एसटीत मार्च २०२३ पासून आपलं तिकीट अर्धंच आहे, दोघी जाऊ शकतात. त्या दिवशीचा खर्च आणि बुडालेला रोज यासाठी गटातून लहान कर्ज आजच मंजूर करून ठेवा, म्हणजे रिपोर्टच्या दिवशी सावकाराचं दार नको. ज्या ऊसतोडीला जाणार आहेत त्यांच्या मुकादमाशी गटानंच बोलावं. फडावर गेलेल्या बाईचा रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहतो, आणि पुढचे चार-पाच महिने म्हणजे या आजारात फार मोठा काळ.

रिपोर्ट आल्यावर

कॅन्सर नाही असा आला तर पेढे वाटा जरूर, पण छातीकडे बघून वाटा. रिपोर्ट चांगला आणि सूज मात्र तशीच, असं असेल तर परत दाखवायचं. तुकडा नेमक्या जागचा आला नसेल तर दुसऱ्यांदा काढावा लागतो. विशेषतः कातडीचाच तुकडा घेतला असेल तर तो कधी हुकतो.

कॅन्सर निघाला तर खरं तेच सांगतो. हा प्रकार कळतो तेव्हा तो छातीपुरता किंवा काखेपर्यंत असला तरी तिसऱ्या टप्प्याचा धरला जातो. मग पोट, छाती, हाडं तपासतात, आणखी कुठं गेलाय का ते बघायला. उपचार लांबतो, बहुधा वर्षभर किंवा जास्त. पण उपचार आहे, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला आहे. तो पूर्ण करून पुढे वर्षानुवर्षं जगणाऱ्या बाया आहेत. त्यात एक क्रम असतो, तो लक्षात ठेवा : आधी सलाइनमधून औषधं, म्हणजे किमो, सूज उतरली की मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. हर-टू तपासणी पॉझिटिव्ह आली तर त्यासाठी वेगळं औषध सोबत असतं. "कॅन्सर कळला तरी ऑपरेशन का करत नाहीत, टाळतायत का?" असं घरचे विचारतात. टाळत नाहीत. या आजारात आधी किमो हीच बरोबर वाट आहे. कुणी पहिल्याच दिवशी छाती काढून टाकू म्हणालं, तर कॅन्सरच्याच दवाखान्यात दुसरं मत घ्या. मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, पण दर वेळी मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथंही कॅन्सरची रुग्णालयं आहेत.

नियमित तपासणीनं हे आधी कळलं नसतं का, असंही बाया विचारतात. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांची छाती दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासली. ५० वर्षांवरच्या बायांमध्ये छातीच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा हाताची तपासणी सोडू नका, तिची किंमत मोठी आहे. फक्त हा सुजेचा प्रकार दोन तपासण्यांच्या मधेच उगवू शकतो, तिथं आपली रोजची नजरच कामाला येते.

रिपोर्ट हातात पडला की नुसता कागद घेऊन निघू नका. लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. पुढच्या दवाखान्यात त्या बघितल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत, आणि नसल्या तर तुकडा पुन्हा काढायची वेळ येऊ शकते. स्लाइड रुमालात नीट गुंडाळा, म्हणजे फुटणार नाहीत. आणि ती पिशवी मोटारसायकलच्या डिकीत किंवा बसच्या खिडकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. मांडीवर घेऊन बसा.